फ्रेंच दिवस होता, पण फ्रेंच बोलायचं कोणाशी? गोव्यातल्या एका विद्यापीठाचं प्रकरण

२० मार्चचा कार्यक्रम संपला तेव्हा हॉलमध्ये आम्ही अकरा जण उरलो होतो आणि त्यातले चार शिक्षक. थर्माकोलचा आयफेल टॉवर एका बाजूला कलला होता, पोरांनी डोक्यावरच्या बेरे टोप्या काढून खुर्च्यांवर टाकल्या होत्या. झाडू मारायला आलेल्या मावशींनी विचारलं, ‘मॅडम, आज कसला प्रोग्राम होता?’ मी म्हटलं फ्रेंच भाषेचा, तर म्हणाल्या, ‘पण मी बाहेरच बसलेली, सगळं इंग्लिशच ऐकू येत होतं.’ आमच्या अख्ख्या रिपोर्टमध्ये इतकं नेमकं वाक्य नव्हतं. दोन-अडीच तासांत फ्रेंचमध्ये काय काय बोललं गेलं तर स्वागताची दोन वाक्यं, एक पाठ केलेली कविता, एक गाणं आणि शेवटी मेर्सी, म्हणजे धन्यवाद.

मी गोव्यातल्या एका विद्यापीठात फ्रेंच शिकवते, आणि पुढच्या वर्षी तोच कार्यक्रम आम्ही कसा बदलला, काय जमलं नि काय फसलं, ते इथे सविस्तर लिहितेय. भाषेचे दिवस साजरे करणारे खूप जण आहेत, त्यांना यातलं काहीतरी कामाला येईल म्हणून.

आधी तारखेचं सांगते कारण अर्धी गडबड तिथेच होती. २० मार्च हा जगभर फ्रांकोफोनीचा दिवस म्हणून पाळतात, १९७० साली याच तारखेला नायजरची राजधानी नियामे इथे फ्रेंच बोलणाऱ्या देशांनी करार केला आणि त्यातूनच पुढे आजची फ्रांकोफोनीची संघटना उभी राहिली. तारीख योग्यच आहे, पण गोव्यात मार्च म्हणजे शिगमो, आमचा शिमगा. त्या वर्षी आमच्या कार्यक्रमाच्या संध्याकाळीच शिगम्याची मिरवणूक होती. आमच्या वर्गातली निम्मी पोरं डिचोली, सत्तरी, पेडण्याची, त्यातले कितीतरी रोमटामेळात, म्हणजे शिगम्याच्या नाचत्या मिरवणुकीत, ढोल वाजवणारे, महिनाभर रात्री सराव करणारे. ती आमच्या हॉलमध्ये कशाला बसतील? वर परीक्षा तोंडावर, आणि कार्यक्रम साडेचारला सुरू, म्हणजे वाळपईच्या पोरीला शेवटची बस गाठायची तर मधूनच उठायला लागणार. आम्ही मात्र हजेरी कमी झाली म्हणून पोरांना फ्रेंचमध्ये रस नाही असा निष्कर्ष काढून मोकळे झालो होतो.

मग मी एप्रिलमध्ये वर्गातल्या एकेकाशी बसून बोलले. फॉर्म भरून घेतले नाहीत, फॉर्ममध्ये सगळे ‘छान झालं’ लिहितात. बोलताना हळूहळू लक्षात आलं की आमच्या वर्गात दोन वर्ग आहेत. एक पणजी-मडगावकडच्या इंग्रजी शाळांतला, ज्यांनी नववी-दहावीला तिसरी भाषा म्हणून फ्रेंच घेतलेलं असतं. दुसरा गावातल्या मराठी प्राथमिक शाळेतून आलेला, ज्यांनी विद्यापीठात पहिल्यांदा बाँजूर म्हटलं. स्टेजवर कायम पहिला वर्ग असायचा, दुसरा खुर्च्या लावायचा आणि रांगोळी काढायचा. हे कोणी मुद्दाम केलं नव्हतं, आपोआप झालं होतं आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

हरमलची एक मुलगी होती, वर्गात गप्प, लेखी पेपरात जेमतेम पास. ती म्हणाली, ‘मॅडम, आमच्या घरी वर खोल्या आहेत, हिवाळ्यात फ्रेंच लोक येऊन राहतात, मी त्यांच्याशी बोलते.’ मी विचारलं, काय बोलतेस? तर पाणी कधी येतं, स्कूटरचं भाडं किती, डॉक्टर कुठे, आईला कणकण आहे म्हणून आज नाष्टा उशिरा, असं सगळं. म्हणजे ही मुलगी दर वर्षी चार महिने खऱ्या माणसांशी खऱ्या कामासाठी फ्रेंच बोलत होती आणि आमच्या कार्यक्रमात ती रांगोळी काढत होती. मग वर्गात का बोलत नाहीस म्हटलं तर म्हणाली, ‘इथे चुकलं तर सगळे बघतात. त्यांना फक्त पाणी हवं असतं.’

त्या वाक्यावर पुढचं सगळं उभं राहिलं. ठरवलं की कार्यक्रम फ्रेंचविषयी करायचाच नाही, तिथे कोणाचं तरी काम अडलं पाहिजे जे फ्रेंच बोलल्याशिवाय सुटणार नाही.

तारीख हलवायला विभागात बराच वाद झाला. ज्येष्ठ सहकाऱ्यांचं म्हणणं की फ्रांकोफोनी मार्चमध्येच, जगात सगळीकडे तेव्हाच होते, आणि ते चुकीचं नव्हतं. शेवटी तोडगा असा निघाला की २० मार्चला दुपारी वर्गातच छोटंसं काहीतरी करायचं आणि मोठा दिवस २ फेब्रुवारीला, सकाळी नऊ ते एक. २ फेब्रुवारी म्हणजे फ्रान्समधला शांदलर, नाताळानंतरचा चाळिसावा दिवस, त्या दिवशी घरोघरी क्रेप करतात, एका हातात नाणं धरून दुसऱ्या हाताने तव्यावरचा क्रेप उडवायचा, नीट पडला तर वर्ष बरकतीचं. हे सांगितल्यावर सासष्टीचा एक मुलगा म्हणाला की आमच्या चर्चमध्येही त्या दिवशी मेणबत्त्या आशीर्वादतात. तोच सण! आणि क्रेप म्हटल्यावर तर कोणाला काही समजावायलाच लागलं नाही, आलेबेले गोव्यात कोणाला माहीत नाही, पातळ धिरड्यासारखं, आत गूळ-खोबऱ्याचं चून भरून गुंडाळलेलं.

आता प्रत्यक्ष दिवस. सगळं सांगत बसत नाही, तीन गोष्टी सांगते.

पहिली दिक्ते, म्हणजे श्रुतलेखन. शाळेत शिक्षा वाटते ती गोष्ट फ्रान्समध्ये लोक हौसेने, स्पर्धा म्हणून करतात. १८५७ साली फाँतेनब्लोच्या राजवाड्यात प्रॉस्पेर मेरिमेने दरबारी मंडळींना एक दिक्ते घातली होती, त्यात खुद्द सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या ७५ चुका झाल्या आणि सगळ्यात कमी, ३ चुका, मेटर्निख या ऑस्ट्रियन राजदूताच्या, अशी ती प्रसिद्ध गोष्ट आहे. मी ही गोष्ट सुरुवातीलाच सांगितली, सम्राटाच्या ७५ झाल्या तर आपल्या ४० झाल्या म्हणून काय बिघडतं! तीन पातळ्यांचे उतारे केले, पेपर एकमेकांनी तपासायचे आणि नावं जाहीर करायची नाहीत.

इथे मला स्वतःला एक गोष्ट नव्याने दिसली. फ्रेंचमध्ये एक नियम भल्याभल्यांना छळतो, ‘मी चिठ्ठी लिहिली’ हे सरळ म्हटलं तर ‘जे एक्री ला लेत्र’, पण ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ म्हटलं की ‘ला लेत्र क जे एक्रित’, म्हणजे कर्म आधी आलं की क्रियापदाचं रूप त्याच्या लिंगाप्रमाणे बदलतं. इंग्रजीतून शिकलेली पोरं इथे हमखास अडतात, कारण इंग्रजीत असं काही नाहीच. पण मराठीत? मी भात खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी केळं खाल्लं. आपलं कर्म नेहमी आधीच येतं आणि क्रियापद त्याच्यामागे लिंग बदलत जातं. डिचोलीच्या एका मुलाने हे स्वतःच शोधलं, म्हणाला मॅडम, फ्रेंचमध्ये कर्म पुढे आलं की ते मराठी होतं. इतक्या वर्षांत मला ही युक्ती सुचली नव्हती, आता मी प्रत्येक बॅचला तीच सांगते. तसंच तू आणि तुम्ही, ‘त्यु’ आणि ‘व्हू’, अनेकवचन वापरून मान द्यायचा हे आपल्याला समजावायला लागत नाही. आणि ऐंशीला ‘कात्र व्हँ’, म्हणजे चार विसा, यावर सगळे हसतात, पण सत्तरीच्या मुलाची आजी अजून विसांनीच मोजते, त्यामुळे त्याला नव्वद म्हणजे चार विसा आणि दहा हे तोंडी हिशेबासारखं आलं. कोकणी बोलणाऱ्यांचं तर आणखी बरं, हांव, म्हजें, आमीं असे नाकातले स्वर रोजच्या बोलण्यातच असल्यामुळे बाँ आणि पँ उच्चारताना त्यांना वेगळी मेहनत नाही. गावातून आलेल्या पोरांच्या खिशात फ्रेंचसाठी काय काय आधीच आहे हे आम्ही त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट आबे फारियाची. पणजीत मांडवीच्या काठाला, आदिलशहाच्या वाड्याला लागून तो पुतळा आहे, हात पुढे केलेला माणूस आणि खाली कलंडलेली बाई, रामचंद्र पांडुरंग कामतांनी घडवलेला, १९४५चा. येता-जाता सगळे बघतात, पण हा कांदोळीत १७५६ साली जन्मलेला जुझे कुश्तोदियो फारिया पॅरिसमध्ये जाऊन, १८१३ साली तिथल्या क्लिशी रस्त्यावर लोकांसमोर संमोहनाचे प्रयोग करत होता, आणि समोरच्याला झोप लागते ती प्रयोग करणाऱ्याच्या अंगातल्या कुठल्या शक्तीमुळे नाही तर झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनामुळे, हे त्याने १८१९ च्या आपल्या ग्रंथात फ्रेंचमध्ये मांडलं, हे कितीजणांना माहीत असतं? गोव्याचा माणूस, पॅरिसला जाऊन, फ्रेंचमध्ये विचार मांडणारा. आमच्या पोरांना याच्याहून जवळचा फ्रेंच लेखक कुठून आणू?

तर पुतळ्यापाशी जायचं आणि प्रत्येकाने स्वतः लिहिलेली पाच वाक्यं सांगायची, पण एकमेकांना नाही. हरमलच्या मुलीकडे दर हिवाळ्यात राहणाऱ्या दोन फ्रेंच बायका पाहुण्या म्हणून आल्या होत्या, साठीच्या पुढच्या, त्यांना फारिया कोण हे खरंच माहीत नव्हतं. त्यांनी ऐकायचं, प्रश्न विचारायचे, आणि शेवटी त्यांना काय कळलं ते त्यांनी सांगायचं. त्यांना कळलं तर आपलं काम झालं. नियम एकच की कोणी बोलत असताना शिक्षकाने दुरुस्ती करायची नाही, मला हे सगळ्यात जड गेलं, मी वही काढून चुका टिपत राहिले आणि दुसऱ्या दिवशी वर्गात दिल्या.

सत्तरीचा मुलगा पहिल्याच वाक्याला अडला. ‘इल ए ने आ कांदोळी, आँ...’ आणि १७५६ काही तोंडातून येईना, फ्रेंचमध्ये सन सांगायचं म्हणजे अख्खी आगगाडी ओढायची असते. कपाळावर घाम, ऊन होतंच, पण तो उन्हाचा घाम नव्हता. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, ‘कातर रे भाजी!’

गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, आख्यायिका अशी की लिस्बनला राणीसमोर प्रवचनाला उभा राहिल्यावर तरुण फारियाची बोबडी वळली, तेव्हा त्याच्या बापाने खालून कोकणीत पुटपुटलं, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी’, समोर बसलेत ते माणसं नाहीत, भाजीपाला समज आणि काप. त्याच फारियाच्या पायाशी उभा राहून आमचा मुलगा अडला होता. सगळे हसले, तोही हसला, आणि मग एक एक आकडा वेगळा काढून, मिल, सेत साँ, सँकांत, सिस, असं म्हणत पुढे गेला. पाहुण्या बाईने विचारलं की मागचा काय ओरडला, तर आता ते समजावायची जबाबदारी या सत्तरीच्या मुलावर आली, आणि जी पाच वाक्यं पाठ करून आणली होती ती राहिली बाजूला, तो दहाएक मिनिटं त्या भाजीवरच बोलत होता. व्याकरण चुकत होतं. मी टिपत होते. पण बाई हसायच्या जागी हसल्या, म्हणजे त्यांना पोचलं.

तिसरी गोष्ट पोदेराची, म्हणजे दारोदार येणाऱ्या पाववाल्याची, आणि माझ्यासाठी त्या दिवसातली सर्वात महत्त्वाची. फ्रेंच संस्कृती म्हटलं की ‘बागेत’ हा लांबट फ्रेंच पाव येतोच, २०२२ साली युनेस्कोने बागेत बनवण्याचं कसब आणि त्याभोवतीची संस्कृती मानवजातीच्या अमूर्त वारशात घेतली. पण बागेतचे फोटो लावून काय करणार. आम्ही जवळच्या गावातल्या पोदेराला बोलावलं. सकाळची फेरी संपवून तो सायकलवरच आला, मागे ताडपत्रीने झाकलेली टोपली, त्यात आमचे गोव्याचे पाव, पोय, उंडे, मधे कापून फुलपाखरासारखा केलेला कातरो आणि बांगडीसारखं कांकण. तो फक्त कोकणी बोलणार, पाहुण्यांना फक्त फ्रेंच येतं, मधे हरमलची मुलगी.

पोयीवर हा काय भुगा लावलाय, असं बाईंनी विचारलं. पोदेर म्हणाला, ‘कोंडो.’ मुलीला कोंड्याला फ्रेंचमध्ये काय म्हणतात ते येत नव्हतं. मी मागेच उभी होते, मला येत होतं, मी ओठ दाबून धरले. तिने पोय हातात घेतली, बोटाने वरचा थर खरवडला आणि म्हणाली, ‘ला पो द्यू ब्ले’, गव्हाची साल. बाई लगेच, ‘आ, ल साँ!’ मिळाला शब्द. मग पोदेर सांगायला लागला, ‘पयलीं सूर घालताले, आतां यीस्ट.’ सूर, म्हणजे माडी! तिने ‘ल ज्यू द कोकोतिए’ म्हटलं, माडाचा रस, तर बाईंना वाटलं शहाळ्याचं पाणी. ती म्हणाली नाही नाही, फळातून नाही, फुलातून, आणि हाताने माडावर चढणारा रेंदेर करून दाखवला, पोय कापून आपण छेद देतो तसा माडाच्या फुलोऱ्याला छेद, खाली मडकं, थेंब थेंब. ‘ए आप्रे, सा बूज तू सल’, आणि मग ते आपोआप हलायला लागतं. आंबतं हे तिला म्हणायचं होतं, तो शब्द नव्हता म्हणून ‘हलतं’ म्हणाली, आणि पोदेराने हे बघून तोंडाने बुडबुड्यांचा आवाज काढला. त्या दोघी बायका टाळ्या वाजवायला लागल्या.

युरोपियन भाषांच्या चौकटीत, जिच्यात ए१, बी२ वगैरे पातळ्या आहेत, ज्यावर फ्रेंचच्या देल्फ परीक्षा चालतात, त्या चौकटीत २००१ पासून या कौशल्याला जागा आहे, मध्यस्थी म्हणतात, म्हणजे एकाचं म्हणणं दुसऱ्यापर्यंत पोचवणं. २०२० च्या पुरवणीत तर त्याचा खूप विस्तार केलाय. आम्ही ते शिकवतोय असं कागदावर लिहीत होतो. त्या दिवशी मी ते पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

आता जे जमलं नाही ते. पुतळ्यापाशी पोचायला बसला उशीर झाला, अकराच्या उन्हात उभं राहणं चुकीचं होतं, पुढच्या वेळी तो भाग सकाळी पहिला घ्यायचा. फारियाच्या ग्रंथातला एक उतारा वाचायला ठेवला होता, तो फारच कठीण निघाला, दोन वर्षं शिकलेल्यांनाही पहिल्या वाक्यापुढे जाता आलं नाही, ती चूक पूर्णपणे माझी. दिक्तेच्या मधल्या पातळीला एवढी गर्दी झाली की जागा पुरेना. आणि क्रेपचा तवा एकच होता, नाणं हातात घेऊन पोरं रांगेत उभी, शेवटी दोन आलेबेलेच्या टोपल्यांवर भागवलं.

मार्चमधला छोटा भाग मॉरिशसचा होता. कोकणातून तिकडे मजूर म्हणून गेलेल्यांची नातवंडं-पतवंडं तिथे आहेत, घरात क्रेओल, पेपर फ्रेंच, आणि मराठी सण अजून पाळतात. तिथल्या एका मराठी शिकवणाऱ्या बाईंशी व्हिडिओ कॉल लावला. नेट तीनदा गेलं. पण मधल्या पंधरा मिनिटांत आमच्या पोरांनी मराठी माणसाशी फ्रेंचमध्ये गणेशचतुर्थीबद्दल गप्पा मारल्या, आणि फ्रेंच म्हणजे फक्त पॅरिस हे डोक्यातून जायला तेवढं पुरलं.

एका सहकाऱ्याने नंतर मला स्पष्ट विचारलं की यात फ्रेंच संस्कृती कुठे होती, फारिया गोव्याचा, पोय गोव्याची, आलेबेले गोव्याचं, मग फ्रेंच विभागाने हे का करायचं. प्रश्न खरा आहे आणि मला त्याने बरेच दिवस झोप लागू दिली नाही. अर्धं मला मान्य आहे. आपल्याच गोष्टी फ्रेंचमध्ये सांगत बसलो तर पोरांना त्यांचं जग कधी दिसणार? म्हणून पुढच्या वेळी पोदेराच्या बाजूला १९९३ चा फ्रेंच सरकारचा ब्रेडचा कायदा ठेवायचं ठरवलंय, ज्याप्रमाणे ‘पारंपरिक फ्रेंच पाव’ म्हणून विकायचा तर तो गोठवलेला चालत नाही, बाहेरची रसायनं चालत नाहीत, पीठ, पाणी, मीठ आणि आंबवण यांवरच करायचा. त्यांनी पावासाठी कायदा का केला, आपला सूर का गेला, हे पोरांनी दोन्ही भाषांत एकमेकांना विचारावं. पण उरलेलं अर्धं मला मान्य नाही. ज्याला स्वतःची पोय फ्रेंचमध्ये सांगता आली नाही त्याला बागेतबद्दल काय विचारायचं तेही सुचत नाही, मागच्या हॉलमध्ये आम्ही ते पाहिलंच होतं.

हरमलची मुलगी आता देल्फ बी१ ची तयारी करतेय. लेखी अजून कच्चं आहे, त्यावर आम्ही दोघी शनिवारी बसतो. तिने त्या दिवशीचे अडलेले शब्द एका कागदावर उतरवून विभागाच्या बोर्डवर लावलेत, डावीकडे कोकणी-मराठी, उजवीकडे फ्रेंच. कोंडो भरलाय, भट्टी भरलीय, सुरासमोर तीन वेगवेगळ्या अक्षरांत तीन उत्तरं आहेत. पोदेरासमोर कोणीतरी ‘बुलांजे’ लिहिलं होतं ते तिने खोडलं, कारण बुलांजे दुकानात बसतो, सायकलवर भोंपू वाजवत दारात येत नाही. ती जागा अजून रिकामीच आहे.

येत्या २ फेब्रुवारीसाठी पोदेराला परत विचारलंय. म्हणाला, येतां, पूण धा वाजल्या उपरांत, पयलीं गिरायकां.